भुऱ्याचं भगुनं

मी एक जुनं जर्मनचं भगुनं आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. मेडशीच्या गोजराबाईंच्या चुलीवर मी कित्येक वर्षं दूध तापवलं. त्या मला राखेनं घासून लख्ख ठेवायच्या. मग बुडाला पोचा पडला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली, भुऱ्या कुत्र्यापुढे. मी फार रुसलं होतं. पण मित्रांनो, भुऱ्या मला इतक्या मायेनं चाटायचा की रुसवा टिकेना.

भुऱ्या शेताची राखण करायचा. रानडुकरांमागे धावून धावून त्याच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या, केस झडत होते. माझ्यात पडायचं काय, तर भाकरीचा कुटका आणि पाणीदार ताक. गोजराबाईंच्या मुलाचा, भागवतचा, त्याच्यावर भारी जीव. कुत्र्याला कच्चं मांस द्यावं, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं. घर मात्र पक्कं शाकाहारी.

"घरात आनू नको, अन् फ्रीजले त हात लावूच नको," गोजराबाईंनी बजावलं.

"चुलीवर चढवाचंच नाही, कच्चंच द्याचं हाये. मंग तुले काय अडचन, माय?"

दोघांचंही समाधान झालं. आणि खोटं कशाला बोलू, भुऱ्याला ते मानवलंही. केस चकाकले, दात स्वच्छ झाले, रानडुकरं आमच्या शेताच्या धुऱ्याकडे फिरकेनात. मीही मनातून मिरवत होतं.

पण भागवत आठवड्याच्या बाजारातून एकदमच मांस आणायचा. फ्रीजला हात लावायची बंदी, म्हणून ओल्या पोत्यात बांधून विहिरीजवळच्या निंबाला टांगायचा. भर उन्हाळ्यात. माझ्यात पडताना त्याला वास यायचा. मी काय करणार? मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. भागवतची चिमुकली राखी मला हात लावायची आणि त्याच हातानं बिस्कीट खायची. माझा जीव नुसता तुटायचा.

शेवटी भुऱ्याला रक्ताची हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि निंबाकडे पाहिलं.

"कच्चं वाईटच होतं काय, म्याडम?" भागवतनं विचारलं.

"ताजं असलं त काही कुत्र्यायले मानवते, भाऊ. पन त्यातही जंतू राह्यतेत, अन् उन्हात त ते लय वाढतेत. तुमच्या लेकरालेही बाधले असते. उठला त मऊ भात अन् बिनहाडाचं मांस द्या, शिजवून."

शिजवून. भागवत खाली मान घालून उभा राहिला.

गोजराबाईंनी मला उचललं, पूर्वीसारखं राखेनं घासलं आणि नाकाला पदर लावून चुलीवर ठेवलं.

"माय, तुह्या चुलीवर?"

"त्याचा जीव जाऊन राह्यला, अन् मी चूल सांभाळत बसू काय?"

मित्रांनो, मुकं जनावर पुढ्यात पडेल ते तुमच्या भरवशावर खातं. आधी त्याचा वास घ्या, हात धुवा, माहितगाराला विचारा. तुमची अडचण त्याच्या पोटात ढकलू नका, एवढीच या पोचा पडलेल्या भगुन्याची विनवणी आहे.

मी आता भुऱ्यापुढे आहे. राखी दारात उभी आहे, गोजराबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवताहेत. भात निवत चाललाय आणि त्यानं अजून डोळे उघडलेले नाहीत. ऊठ रे बाबा, एकदा तरी मला चाट.