कुंडी कोण फिरवतंय?

दुसरी कळीही गळाली तेव्हा सुनेने ती गुपचूप उचलून टाकली. हे ऑर्किड सासऱ्यांनी बोटभर रोपापासून वाढवलेलं. इतकी वर्षं नुसती पानंच. यंदा पहिल्यांदा फुलांचा दांडा आला आणि त्याच सुमारास सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. व्यायाम शिकवणारी बाई आली की ते भिंतीकडे तोंड करून पडत. ती गेली की नजर पुन्हा त्या दांड्यावर. कळ्या गेल्या तर म्हातारा हाय खाईल, ही धास्ती सुनेने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

पिकल्या फळांच्या वायूने कळ्या गळतात म्हणून तिने फळांची टोपली खिडकीतल्या कुंडीशेजारून उचलली, पंखा बंद ठेवला, मुळं सुकून पांढरी दिसल्याशिवाय पाणी घातलं नाही. रोज सकाळी ती कुंडी सरळ करी, तरी संध्याकाळी कामावरून येऊन बघावं तर दांड्याचं तोंड पुन्हा भलतीकडेच. कळ्या उजेडाकडे मान करून वाढतात. रोज दिशा बदलली की पिळवटून जातात.

"तूच हात लावतोस," ती नवऱ्यावर उखडली.

"मी? मला कोथिंबीर आणि गवत यातला फरक कळत नाही. मी कशाला त्याच्या वाटेला जाऊ?"

दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून दुपारीच परतली आणि चपला हातात घेऊन आत आली. पलंग रिकामा होता. सासरे डावा हात भिंतीला टेकत, उजवा पाय फरफटत खिडकीकडे निघाले होते.

हाक मारावी तर दचकून पडतील, धावावं तरी तेच. ती चौकट घट्ट धरून उभी राहिली. मध्येच त्यांचा गुडघा लचकला. तिने ओठ दाताखाली धरला. कसाबसा खिडकीचा कट्टा हाती लागला. मग त्यांनी कुंडी हळूहळू फिरवली, कळ्या पलंगाकडे बघतील अशी.

तिने आवाज न करता खुर्ची त्यांच्या मागे आणून ठेवली. "बाबा, बसा."

ते बसले. चोरी पकडल्यासारखे म्हणाले, "तिथून... दिसत नव्हत्या."

"दिशा बदलली की गळतात त्या."

त्यांनी कुंडीकडे पाहिलं. "म्हणजे... मीच?"

"अजून चार आहेत की."

पलंगच खिडकीशी न्यावा म्हणून तिने पलंगाला हात घातला आणि तसाच सोडला. "आता कुंडी फिरवायची नाही, बाबा. तुम्ही फिरायचं. खुर्ची इथेच राहील. मी सोबत असेन."

पुढचा आठवडा सगळ्यांचा जीव टांगणीला. रोज तिच्या खांद्यावर भार टाकून ते खिडकीपर्यंत जात. आणखी एक कळी पिवळी पडली, तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी उठले.

एका सकाळी व्यायामवाली बाई आली आणि रिकामा पलंग बघून दारातच थबकली. सासरे खुर्चीत बसले होते. समोर खालची कळी अर्धी उमलली होती.

"दार... लावा आधी," ते म्हणाले. "वारा लागतोय तिला."