मुंगीच्या दोन प्रश्नपत्रिका

"वहिनी, आता तूच सांग."

मुंगीने दोन प्रश्नपत्रिका माझ्यासमोर ठेवल्या. तिच्या खांद्यावर माझी आठ महिन्यांची मुलगी झोपली होती. मुंगीच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक बाळाच्या डोळ्यापासून वीतभर लांब. मी आधी पेन्सिल काढून घेतली.

मुंगी माझी नणंद. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, म्हणून घरात तेच नाव पडलं. गणिताच्या पदवीसाठी तिला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळत होता आणि उद्या पाचच्या आत एकाला होकार कळवायचा होता. एक बसने अर्ध्या तासावर. दुसरं रेल्वेने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर, वसतिगृहात राहून. दोन्ही माहितीपत्रकांत तीच हिरवळ आणि तीच हसरी मुलं, म्हणून तिने दोन्हीकडच्या पहिल्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून घड्याळ लावून सोडवल्या. जवळची दीड तासात संपली, सगळी बरोबर. दूरच्या पाच प्रश्नांतला एकच सुटला.

"मग यात विचारायचं काय?" सासरे म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. "पास होशील तिथे जा. नापास व्हायला एवढ्या लांब कशाला? ते इथेही जमेल."

"बाबा!"

"बरं, वहिनीला विचार. आपल्यात कॉलेज केलेली तीच एक."

सात आठवड्यांपूर्वी मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामावर परतले होते, ते मुंगी घरी होती म्हणून. जवळच्या विद्यापीठाचे वर्ग सकाळी, माझी पाळी दुपारची. हे गणित मी केव्हाच मांडून ठेवलं होतं.

"जवळचंच बरं," मी म्हणाले. "पाया पक्का होईल."

"हं. तसंच करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर निघाले, तर मुंगी जमिनीवर पालथी पडून लिहीत होती. बाळ तिच्या पाठीवर चढायच्या खटपटीत.

"होकार पाठवलास?"

"पाठवते गं, पाच कुठे वाजलेत! वहिनी, त्या दूरच्या पेपरातला दुसरा प्रश्न नाहीच सुटला. पण का सुटत नव्हता ते कळलं!"

एवढी खूश ती पैकीच्या पैकी मिळाल्यावरही झाली नव्हती. मी चप्पल काढून परत आत आले.

"काल मी माझ्या सोयीचं बोलले."

"माहितेय."

"मग हो का म्हणालीस?"

"तुझंही काही चूक नव्हतं."

"दूरचं पाठव. आत्ता, माझ्यासमोर. मी गेले की विचार बदलशील."

खरं तर विचार मी बदलला असता.

संध्याकाळी सासऱ्यांना कळलं. ते म्हणाले, "रिकामी लिफ्ट काय, कोणीही वरखाली करेल. वजन टाकलं की कळते." पुढे महिनाभर ते सगळ्यांना सांगत होते, की लांब पाठवायचं आपण आधीपासूनच ठरवलं होतं.

बाळासाठी मी रजा मागितली, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, जागा रिकामी ठेवता येणार नाही. मी पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून परत दिला. नवरा म्हणाला, "वर्षभराचा तर प्रश्न आहे." मी हो म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी मुंगीने मला एक कागद दिला. बाळाला झोपवण्याच्या पायऱ्या, क्रमवार. सुरुवात: समजा, बाळ रडत आहे. मग उजवा खांदा, मग पाठीवर थोपटणं, पण ताल न धरता. चौथी पायरी, खिडकीकडे पाठ करून सात पावलं उलटं चालणं. त्यापुढे कंसात: हे का चालतं ते मला सिद्ध करता आलेलं नाही.

ती गेल्यावर सोमवारी, माझी पाळी सुरू व्हायच्या वेळेला, बाळ रडायला लागलं. मी कागद टेबलावर उघडा ठेवला आणि खिडकीकडे पाठ केली. सातव्या पावलाला माझ्या खांद्यावरचं डोकं जड झालं.

मी तशीच उभी राहिले. आता बसायचं की नाही, ते तिने लिहिलं नव्हतं.