शेजारच्या सीटखालची डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी ब्रेकची डिस्क आहे. मला चाकात शोधू नका, मी आता तिथे नाही. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी भंगाराचा ढीग आहे, त्यात एका फुटक्या बॅटरीखाली मी पडून असते. गाडी पळवणाऱ्या इंजिनाचं कौतुक सगळे करतात, थांबवणारीला कोणी विचारत नाही. पूर्वी मला त्याचा फार राग यायचा. आता राग गेला आहे, एकटेपणा तेवढा उरला आहे.

वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. मोठ्या ताटाएवढी झाले, तेव्हा लेथच्या फिरत्या यंत्रावर चढवून मला दोन्ही अंगांनी गुळगुळीत केलं आणि कडेवर एक आकडा कोरला. याहून पातळ झाले, तर मला चाकात ठेवायचं नाही, असा त्याचा अर्थ. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही घडली. एकाच गाडीच्या पुढच्या दोन चाकांत आम्हाला बसवलं, तिला चालवणाऱ्याच्या बाजूला आणि मला शेजारच्या सीटच्या बाजूला. त्यानंतर ती मला दिसलीच नाही. ब्रेक लागला की पलीकडून तिचा बारीक आवाज यायचा, तेवढीच आमची भेट.

गाडी एका काकांची होती. शेजारच्या सीटवर, म्हणजे अगदी माझ्या डोक्यावर, काकू बसायच्या. त्यांचे कान फार तिखट. जरा कुठे खुट्ट झालं की त्या म्हणायच्या, "अहो, गाडी काहीतरी सांगतेय." गाडीपेक्षा तुझाच आवाज जास्त, असं काका चिडवायचे, पण गाडी बाजूला घ्यायचे. कधी चाकात खडा अडकलेला निघे, कधी नट सैल झालेला. माझी काळजी घेणारं कोणीतरी आहे, या विचाराने मी निर्धास्त होते.

मग एका आजारात काकू गेल्या. त्यांच्या सीटवर भाजीची पिशवी बसू लागली. काकांचे कान तर आधीपासूनच मंदावत होते. आता ते रेडिओ मोठा लावू लागले, पण ऐकू येत नाही हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दूरगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला की ते स्वतःच भराभर बोलत आणि शेवटी म्हणत, "मी अगदी मजेत आहे गं." गाडी उभी असताना मी हे ऐकायचे आणि मला भरून यायचं.

त्याच सुमारास माझं दुखणं सुरू झालं. ब्रेक दाबला की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि पाय उचलला की सोडतात. पॅड ज्यावर सरकतात, ती माझ्या चाकातली सळई गंजून अडकली आणि आतलं पॅड मला सोडेना. ते सतत घासत राहिलं. बाहेरचं जेमतेम टेकायचं, त्यामुळे बाहेरून मी चकचकीत दिसायचे. गाडी धुताना काका चाकाच्या फटीतून माझ्याकडे बघत आणि खूश होत. एकदा त्यांनी गाडी गॅरेजातही नेली. मेकॅनिकच्या पुढे गाड्यांची रांग लागली होती. त्याने उकिडवं बसून बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाला, "आरशासारखी आहे काका, बिनधास्त चालवा." चाक काढायचे कष्ट त्याने घेतलेच नाहीत.

मी जिवाच्या आकांताने खरखरत होते. काकांच्या घरापुढे मोठा उतार होता आणि उताराच्या तळाशी शाळेचं फाटक. एकदा फाटकाजवळ काकांना पेडल दोनदा दाबावं लागलं, मुलं पटकन मागे सरली. काकांनी नव्या चपलेला दोष दिला. माझ्या अंगाला तेव्हाच भेग गेली होती. रोज उतार आला की मी आणखी मोठ्याने खरखरायचे.

अशात लेक माहेरी आली. तिला फिरवायला काकांनी गाडी काढली. तिने भाजीची पिशवी मागे ठेवली, आईच्या सीटवर बसली आणि रेडिओ बंद केला. उताराच्या तोंडाशी ब्रेक लागला, मी खरखरले. ती काकांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, गाडी काहीतरी सांगतेय."

काकांनी हँडब्रेक ओढून गाडी तिथेच उभी केली. हा आवाज कधीपासून येतोय, असं तिने विचारलं.

"मला ऐकूच येत नाही गं," काका म्हणाले. "बरेच दिवस झाले."

मेकॅनिक तिथेच आला. या वेळी त्याने चाक काढलं. माझ्या आतल्या बाजूवर नख अडकेल असे चर पडले होते आणि भेग कडेपर्यंत आली होती. जाडी मोजली, तर कोरलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली. त्या दिवशीच चाक काढायला हवं होतं, असं तो खाली मान घालून पुटपुटला. लेकीने मला हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाली, "तुम्हीही फोनवर अशीच चकचकीत बाजू दाखवत होतात ना, बाबा?" तिचे काळे झालेले हात काका आपल्या रुमालाने पुसत राहिले.

दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीनेच बदलतात, म्हणून बहीणही माझ्याबरोबर गॅरेजच्या भंगारात आली. मी तिला इतक्या वर्षांनी पाहिलं, ती अजून धडधाकट होती. काही दिवस आम्ही एकमेकींवर पडून होतो. मग एका दुकानदाराने छत्रीच्या खांबाला वजन म्हणून तिला उचलून नेलं. मी भेगेची, मला कोण नेणार?

लेकही तिच्या घरी परतली. काका मात्र अधूनमधून गॅरेजात येतात. त्यांच्या कानात आता यंत्र असतं आणि चाक काढून दाखव, असं ते मेकॅनिकला दटावून सांगतात. त्यांच्या शेजारची सीट अजून रिकामीच असते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, तर चाक काढून आमची आतली बाजूही बघायला सांगा. आणि एकटं राहणारं कोणी तुम्हाला फोनवर म्हणालं की मी मजेत आहे, तर एकदा जा आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसा.