वासाचं पथ्य

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या कंपनीत दोन वर्षं काढली, तरी शशिकांतला सगळे ‘हेर देवधर’च, म्हणजे ‘श्रीयुत देवधर’च म्हणत. दुपारी तो एकटाच जेवायचा. नावाने हाक मारली ती फक्त टेस्टिंगमधल्या युर्गनने.

युर्गन धनुष्यबाणाने हरणांची शिकार करायचा. जर्मनीत तिला बंदी, म्हणून दर हिवाळ्याच्या तोंडावर फ्रान्सला जायचा, आणि त्याआधी इथल्या सरकारी जंगलात सराव म्हणून रिकाम्या हाताने हरणांच्या वाटा शोधायचा. म्हणाला, "रविवारी चल. हरणाच्या जवळ बसता आलं, तर फ्रान्सलाही नेईन."

शशिकांतचा शिकारीशी संबंध काय? डाससुद्धा हुसकावून लावणारा माणूस. पण त्याला मित्र हवा होता, आणि त्यासाठी तो कुठेही गेला असता.

युर्गनची अट एकच, अंगाला वास नको. झालं! आठवडाभर घरात फोडणी बंद, कपडे बाल्कनीत, साबण बिनवासाचा. उकडलेले बटाटे खाऊन प्रभा वैतागली. "अहो, माझ्या माहेरी मला बघायला आलात, तेव्हासुद्धा एवढी तयारी नव्हती!"

रविवारी पहाटे दोघे जंगलात शिरले. शहरातला फुटबॉल विश्वचषकाचा गलबला नुकताच ओसरला होता, इथे तर पानही हलत नव्हतं. युर्गनने चिखलातले खूर दाखवले, शिंगांनी सोललेलं झाड दाखवलं, हरीण रात्री बसलं होतं तिथलं दबलेलं गवत दाखवलं. मग आडव्या पडलेल्या झाडामागे दोघे दबा धरून बसले.

आणि खरंच एक मादी पाडसाला घेऊन आली. इतकी जवळ, की तिच्या पापण्या दिसत होत्या. तेवढ्यात पाठीमागून वाऱ्याची झुळूक आली. मादीने नाक वर केलं, कुत्र्यासारखी भुंकली आणि पाडसासकट दिसेनाशी झाली.

युर्गनने शशिकांतचं डोकं हुंगलं. "चर्चमध्ये धुपात बसून आलास?"

शशिकांतने कपाळावर हात मारला. निघताना त्याने देवापुढे उदबत्ती लावली होती. एरवी एक, आज चांगल्या पाच. फोडणीला वास असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उदबत्तीलाही असतो, हे मेल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हरीण दिसावं म्हणून प्रार्थना केलीस?" युर्गनने विचारलं.

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "नाही. तू मला फ्रान्सला न्यावंस म्हणून."

मग जंगलात तोंडातून अवाक्षर न काढणारा युर्गन असा खो खो हसला, की उरलीसुरली पाखरंही उडाली.

"माझी बायकोसुद्धा माझ्याबरोबर यायला तयार नसते," डोळे पुसत तो म्हणाला, "आणि तू त्यासाठी देवाला साकडं घालतोस? आल्झो, तर मग शशी, पासपोर्ट तयार ठेव."

शशी! दोन वर्षांत या देशात त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. हरीण गेलं होतं खुशाल, आणि शशिकांत मात्र वेड्यासारखा हसत होता.