माझ्या डाव्या डोळ्यातली चिठ्ठी

मी दुर्बीण बोलतेय. माझं बोलणं कितपत खरं मानावं, हे मात्र माझं मलाच ठरवता येत नाही.

कारखान्यात कुणीतरी दोन नळ्या जोडून मला दोन डोळे दिले. दोघांनी मिळून एकच पाहायचं, एवढंच माझं काम. केडगावच्या आबासाहेबांनी, म्हणजे प्राणिशास्त्राच्या सरांनी, मला बत्तीस वर्षांपूर्वी घेतलं. हिवाळ्यात पाहुणे पक्षी आले की ते पक्षी मोजणारा आपला गट घेऊन रेहेकुरीच्या अभयारण्यात जातात, आणि मी त्यांच्या गळ्यात.

गेल्या श्रावणात चष्मा पुसताना त्यांच्या हातून मी फरशीवर पडले. बाहेरून ओरखडाही नाही. आत काहीतरी हललं असावं. असावं म्हणते, कारण स्वतःच्या आत मला पाहता येत नाही. तेव्हापासून सरांना माझ्यातून एकाचे दोन दिसतात. त्यांनी मला दोष दिला नाही. आधी स्वतःच्या डोळ्यांना दिला, मग डोक्याला. घरी औषधाच्या गोळ्याही ते दोनदा मोजू लागले.

या डिसेंबरात निघताना त्यांनी एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवली : ‘यापुढे गट ज्योतीने सांभाळावा. माझ्या नोंदींचा आता भरवसा नाही.’

पाणवठ्याची साफसफाई करणाऱ्या छबूबाई वाटेतच भेटल्या. “सर, तुमचं परीट आल्यात बरं का!”

“परीट?” गटात नवा आलेला पार्थ म्हणाला. “इथं कपडे कुणाचे धुणार, काळविटांचे?”

“अरे, पक्षी आहे तो,” सरांच्या नोंदी लिहून घेणारी ज्योती हसली. “परटासारखी सारखी शेपटी आपटतो.”

सरांनी मला डोळ्यांना लावलं. “दहा,” ते म्हणाले. आणि लगेच, “की आठ? थांब, लिहू नकोस.”

बाकीच्यांना पाचच दिसले होते, पण सरांना सांगणार कोण?

“आवं, पाचच हायेत की,” छबूबाई म्हणाल्या.

सरांचा हात खिशाकडे गेला. चिठ्ठी बाहेर आली. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार काय? चूक माझी की त्यांची, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

“बघू द्या की मला बी,” म्हणत छबूबाईंनी मला घेतलं. “अगं बया! ह्यात दहाच दिसत्यात! तुमचं डोळं चांगलं हायेत सर, ही बयाच तिरळी झालीया!”

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती माझ्या डाव्या डोळ्यात घट्ट बसवली. पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ज्योती, लिही. परीट, पाच.” मग हळूच म्हणाले, “दोनदा मोजलेत.”

चिठ्ठी अजून तिथेच आहे. चुकत होता तो डावा डोळा की उजवा, मला अजूनही कळलेलं नाही. मला दुरुस्तीला पुण्याला नेणार म्हणतात. वाचकहो, एकाचे दोन दिसू लागले, तर स्वतःला मोडीत काढण्याआधी दुर्बीण जरा दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा.

आणि सर, मी नीट झाले तरी ती चिठ्ठी परत खिशात ठेवू नका.