ढगाखालून मागे वळताना

माझ्या पोटात इंजिन नाही, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर तुम्ही त्याची घरघर शोधत बसाल. मी ग्लायडर. वारा उचलेल तेवढंच मी उडतो.

देऊळगाव राजाच्या पंजाबरावांनी मला आणलं. घरी शेती भरपूर, पण या माणसाची नजर सदा घारींवर. पंख न हलवता घार वर कशी चढते, हे त्यांना लहानपणापासून पडलेलं कोडं. ते मुंबईला जाऊन उडायला शिकले. माझा सांगाडा रेल्वेने जालन्यापर्यंत आणि तिथून बैलगाडीने घरी आला. पंखांवरचं कापड त्यांच्या पत्नीने, अन्नपूर्णाबाईंनी, हाताने शिवलं.

"वर गेल्यावर हे फाटलं त?" त्या विचारायच्या.

"मंग तुही शिलाई कच्ची," असं म्हणून पंजाबराव हसायचे. त्या हसत नसत.

लोणारच्या तळ्याच्या उंच काठावरून मला सोडत. गडीमाणसं रबराची दोरी ताणत उताराकडे धावत आणि मी गोफणीतल्या दगडासारखा सुटत असे. तापलेल्या काळ्या रानातून वर चढणारी हवा सापडली, की आम्ही तिच्यात गोल गोल फिरत घारींच्याही वर जायचो.

एका वैशाखात फुलकोबीसारखा पांढरा ढग उभा राहिला. तळ मात्र सपाट, काळसर. पंजाबराव माझ्याशी बोलल्यासारखे पुटपुटले, "वर काय असन बे? चाल, पाहून येऊ."

ढगाने आम्हाला आत ओढलं. खाली अंगाची लाही होत होती. इथे माझ्या कापडावर बर्फ ताडताड वाजू लागला. पंजाबरावांच्या अंगात पातळ सदरा. ते हसू लागले. मग त्यांची जीभ जड झाली, नखं निळी पडली. हवा विरळ झाली, की माणसाला भीती वाटायची तिथे मौज वाटते, हे मला तेव्हा कळलं. त्यांचा हात माझ्या सुकाणूच्या दांड्यावरून सुटला. मी नाक खाली करून ढगाबाहेर कोसळलो. पंखांची लाकडं कण्हत होती. खालच्या दाट हवेत त्यांना शुद्ध आली आणि त्यांनी मला कसंबसं सावरून दुसरबीड गावाजवळच्या रिकाम्या रानात उतरवलं. त्यांच्या कानातून रक्त येत होतं.

कानाचा पडदा गेला, तोलही गेला. डॉक्टरांनी उडणं बंद केलं.

"काय होतं वर?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. पण खाली याले मन होत नव्हतं."

"आन मी?"

कितीतरी दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं होत होतं. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "मले शिकवा उडाले. माह्यापेक्षा तुमाले काय गोड लागलं, थे मले पाह्यचं हाये."

हिवाळाभर पडीक रानात त्यांनी छोट्या उड्या मारल्या. पडल्या, खरचटलं, पुन्हा बसल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या लुगड्याचा काष्टा घट्ट कसून तळ्याच्या काठावरून माझ्यासह सुटल्या. आम्ही चढत गेलो आणि तसाच एक ढग समोर आला. त्याच्या तळाशी त्या बराच वेळ घिरट्या घालत, मान वर करून बघत राहिल्या. हवा आम्हाला वर बोलावत होती. मग त्यांनी मला वळवलं.

रानात उतरलो. पंजाबराव झोकांड्या खात जवळ आले.

"काय दिसलं?"

त्या जागेवरून उठल्याच नाहीत. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मले वाटे, तिथं तुम्ही मले विसरले. वर त मीच मले विसरून राह्यली होती. आता राग नाही माह्या मनात."

पुढे दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली, दोरीसाठी रबर मिळेनासं झालं. आता मी सरकीच्या कोठारात आढ्याला टांगलेला आहे. पंखात चिमण्या राहतात. कधी कुणी मला खाली उतरवलं, तर त्याने खुशाल मला घेऊन वर जावं; फक्त ढगाच्या तळाशी आपलं नाव स्वतःला मोठ्याने विचारावं. उत्तर द्यायला वेळ लागला, तर मागे वळावं. ढगाच्या माथ्यावर काय असतं, ते मलाही अजून कळलेलं नाही.