शेवटच्या ओळीची भीती

मित्रांनो, धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेला मी एक जुना अक्षरांचा तक्ता आहे. माझं वरचं अक्षर वांग्याएवढं, तर शेवटच्या ओळीतली मोहरीएवढी. छापखान्यातून निघालो, लाकडी चौकटीत बसलो आणि १९६८ पासून इथंच आहे. कुणी शेवटची ओळ वाचली की सगळे म्हणत, डोळे ठणठणीत आहेत. मी फुगून जायचो. आता त्याच ओळीची मला भीती वाटते.

१९७६च्या उन्हाळ्यात मौद्याहून मनकर्णा आली. वय चाळिशीचं. डोकं दुखतं म्हणून थोरले दीर मधुकरराव तिला घेऊन आले होते. दिरांसमोर पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिनं शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि उठताच बाजूच्या स्टुलावर आदळली.

“पदर जरासा मांगं घेत जाय वं,” मधुकरराव म्हणाले. “घरीबी चौकटीवर आदळत राह्यते, डाक्टरीणबाई.”

“पदरानं बाजूचं दिसत नाही,” मनकर्णा पुटपुटली. घरचेही तेच म्हणत, आणि तिलाही तेच खरं वाटे.

डॉक्टर प्रेमलताबाईंनी मधुकररावांना बाहेर बसवलं. मनकर्णाला पदर खांद्यावर घ्यायला लावला, एक डोळा झाकायला सांगितला. “माझ्या नाकाकडं बघा. मी बाजूनं बोट आणते. दिसलं की सांगा.”

मनकर्णा बघत राहिली. बराच वेळ गेला. शेवटी तीच म्हणाली, “बाई, बोट कवा दाखवता?”

बोट तिच्या डोळ्याच्या बाजूला केव्हाचं हलत होतं. मला भिंतीवरून लख्ख दिसत होतं. बोट केव्हाचं बाजूलाच आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तसा तिनं घाईनं डोक्याला हात लावून पाहिला. पदर तिथं नव्हता.

“मंग काहून दिसत नाही मले?” तिनं विचारलं. “आंधयी होऊन राहिली का मी?”

डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला. काचबिंदू होता. “बाजूचं दिसणं गेलं, ते परत येणार नाही,” त्या म्हणाल्या. “उरलेलं राखायचं तर रोज थेंब घालायचे, जन्मभर. आणि तुम्हाला भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही आणा. हा आजार घराण्यात असतो.”

मनकर्णा तेव्हापासून दर सहा महिन्यांनी येते. ती वाचू लागली की माझा जीव टांगणीला लागतो. तिची थोरली बहीण वच्छला मात्र आठ वर्षं टाळत राहिली. परवा मनकर्णानं तिला ओढूनच आणलं. वच्छलानंही शेवटची ओळ वाचली आणि चपला शोधू लागली. “झालं ना? मले काही नाही.”

मनकर्णानं तिचं मनगट धरलं. “बस इथं. मीबी वाचली होती.”

मित्रांनो, आईला, मावशीला, आजीला दवाखान्यात न्याल, तेव्हा डोळ्यांचा दाबही मोजून घ्या. मी त्यांच्या फक्त समोर असतो. बाजूनं येणारा अंधार मला कळत नाही.